सहावीला ‘कार्य’, ‘बल’ आणि साधी यंत्रे कशी शिकवावीत?

चौथी घंटा

मंडळी, मदत हवी आहे.

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४४ मुलं. ‘कार्य आणि ऊर्जा’ झालं, आता ‘साधी यंत्रे’ सुरू करायचंय, आणि माझे पाय अडखळताहेत.

सुरुवातच अशी झाली. मी विचारलं, “कार्य म्हणजे काय?” एका मुलीने हात वर केला. “बाई, परवा आमच्याकडे कार्य आहे. मामाच्या मुलीचं.” वर्ग खदखदून हसला, मीही हसले. एक मुलगा म्हणाला, “किती न्यूटनचं?” हे एवढ्यावर सुटलं असतं, पण पुढे दोन दिवस मला जाणवत राहिलं की खरी अडचण तीच आहे. ‘बल लावल्यामुळे वस्तूचे विस्थापन झाले तर कार्य झाले असे म्हणतात’ हे वाक्य ४४ पैकी ४० जणांनी बिनचूक लिहिलं. शब्द पाठ, अर्थ मांडवात.

मग हमालाचं उदाहरण आलं. गाईडात असतंच ते: डोक्यावर ओझे घेऊन समतल जमिनीवर चालणारा हमाल गुरुत्वबलाविरुद्ध कार्य करत नाही. मी ते सांगितलं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. वर्गात तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “बाई, मग पप्पांना हमाली कशाची देतात?”

मी काहीतरी उत्तर दिलं. ते माझं मलाच पटलं नाही.

चाचणीत ‘यंत्रांचा उपयोग काय?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी ‘यंत्रामुळे काम कमी होते’ असं लिहिलं. आता याला चूक म्हणू की बरोबर? बोलीत बरोबर, विज्ञानात चूक.

साहित्याचं म्हणाल तर एक तक्ता आहे आणि एक ताणकाटा, ज्याची स्प्रिंग ताणून ताणून मान टाकून बसली आहे. बजेट शून्य. काय करता येईल?

---

तरफदार

धागा बुकमार्क केला. माझं सदस्यनाम बघून तरी मला इथे लिहिणं भाग आहे. :)

तरफेचे तीन प्रकार पाठ करून घेण्यात दोन तासिका घालवू नका, ही कळकळीची विनंती. मध्ये कोण आहे एवढंच बघायचं. पहिल्यात टेकू, दुसऱ्यात भार, तिसऱ्यात बल. ‘टे-भा-ब’. पाच मिनिटांत संपतं. पण मुलाला “दुसऱ्या प्रकारात नेहमी फायदा का होतो आणि तिसऱ्यात कधीच का होत नाही?” असं विचारलं की गप्प. उत्तर भुजांच्या (टेकूपासून बलापर्यंतचं आणि टेकूपासून भारापर्यंतचं अंतर) लांबीत आहे आणि भुजा मोजल्याशिवाय ते कळत नाही.

तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. पेन्सिलीवर ठेवू नका, पेन्सिल घरंगळते, पट्टी सरकते आणि अर्धा तास त्यातच जातो. पट्टीला बरोबर मध्यावर दोरा बांधून ती टांगा. एकसारखी नाणी कागदाच्या पुडीत बांधून दोऱ्याने लटकवा. एका बाजूला १० सेंटिमीटरवर एक नाणं, तर दुसरीकडे दोन नाणी कुठे लावली की पट्टी आडवी होईल? करू द्या त्यांना धडपड. पाचवर येऊन थांबतात. मग तीन नाणी द्या. ३.३ च्या आसपास कुठेतरी जमतं, पण नेमकं जमत नाही, आणि तिथे एखादा म्हणतोच, “बाई, पट्टीवर तेवढी बारीक खूणच नाही.” मापनातल्या अचूकतेचा पाठ फुकटात झाला.

आणि अडकित्ता दाखवू नका. आजच्या सहावीतल्या किती मुलांनी पाहिलाय? नेलकटर दाखवा. त्यात दोन तरफा आहेत: वरचा दांडा दुसऱ्या प्रकारचा आणि खालची दोन पाती मिळून तिसऱ्या प्रकारची. सातवीतल्या हुशार पोरांना हे शोधायला लावा, तासभर शांतता.

---

मीठभाकर

अडकित्ता नाही पाहिला? आमच्या घरी या. आजी अजून रोज चार वेळा दुसऱ्या प्रकारची तरफ वापरते.

---

पुस्तकी किडा

हमालाचं उदाहरण वगळू नका. ते पुस्तकात असो नसो, पुढे नववीत कार्याचं सूत्र येतं तेव्हा बल आणि विस्थापन काटकोनात असलं तर कार्य शून्य, हे मान्य करायलाच लागतं. विज्ञानात भावनेला जागा नाही. ‘कार्य’ ही व्याख्या आहे. फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिसने १८२९ मध्ये ती यंत्रांच्या हिशेबासाठी नीट मांडली: बल गुणिले बलाच्या दिशेतलं अंतर. कष्ट मोजायला ती केलेलीच नाही.

---

मीठभाकर

@पुस्तकी किडा, साहेब, तुमचं शेवटचं वाक्य हेच तर त्या पोराला द्यायचं उत्तर आहे, आणि तुम्ही ते त्याच्या तोंडावर मारल्यासारखं लिहिलंत. ‘कष्ट मोजायला ती केलेलीच नाही’ हे आधी सांगा, शून्य नंतर सांगा. गाईडवाले फक्त शून्य सांगतात.

माझे चुलते माथाडी होते. १९६९ सालचा माथाडी कायदा आला तेव्हा ते विशीत होते. त्यांना कोणी तुम्ही कार्य करत नाही म्हटलं असतं तर त्यांनी त्याच्या खांद्यावर एक पोतं ठेवून त्याला गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं असतं. मग विचारलं असतं, शून्य का रे?

---

जुना फिटर

भांडू नका. दोघांचंही बरोबर आहे. ३४ वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली, आता नातवंडांना शिकवतो, त्या हिशेबाने सांगतो.

ताई, ‘कार्य झालं का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: कोणत्या बलाने, कशावर? वर्गात ही सवय एकदा लावली की हमालाचा गुंता सुटतो. हमालाचं डोकं पोत्याला वर ढकलतंय, पोतं आडवं चाललंय. त्या वरच्या बलाने पोत्यावर केलेलं कार्य शून्य. एवढंच म्हणायचं. हमाल कार्य करत नाही असं म्हणायचं नाही. त्याच्या स्नायूंच्या आत हजारो तंतू आखडताहेत, सैल होताहेत, पुन्हा आखडताहेत. तिथे ऊर्जा जळते, घाम येतो, भूक लागते. त्याच पोत्याला फळीवर ठेवलं तर फळीला घाम येत नाही, कारण फळीला स्नायू नाहीत. मुलांना हात पुढे करून एक विटेचा तुकडा दोन मिनिटं धरायला लावा. वीट हलली नाही, कार्य शून्य, आणि हात मात्र थरथरतोय. आता विचारा, ऊर्जा गेली कुठे?

आता हमालीचा हिशेब. पोतं ५० किलोचं. जमिनीवरून दीड मीटर उचलून खांद्यावर घेतलं, तर ५० × १० × १.५ = ७५० ज्यूल. (g, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० धरतो, ९.८ चा घोळ सहावीला नको.) दिवसाला २०० पोती उचलली तर १,५०,००० ज्यूल. आकडा मोठा दिसतो. आता त्याच्या कॅलरी करा: सुमारे ३६ किलोकॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात.

हा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा: २०० पोती उचलणारा माणूस अर्ध्या भाकरीवर दिवस काढेल का? सगळी पोरं “नाही!” म्हणून ओरडतील. का नाही? कारण प्रत्येक वेळी तो स्वतःचं शरीरही वाकवतो, उचलतो, पोतं घेऊन चालतो, उभा राहतो. स्नायू खाल्लेल्या अन्नातला फार तर चौथा हिस्सा कामात बदलतात, बाकीची उष्णता. म्हणजे हमाली ही ज्यूलवर मिळत नाही. त्या पोराला हे सांगा. वडिलांच्या कष्टांसमोर सूत्र किती तोकडं आहे हे त्याला आकड्यातून कळेल, आणि सूत्रही कळेल.

---

चौथी घंटा

जुना फिटर काका, ३६ किलोकॅलरीचा हिशेब मी स्वतः दोनदा करून बघितला. पहिल्यांदा वाटलं, शून्य चुकलंय. उद्याच वापरते.

---

काळ्या मातीतला

आता माझ्या आवडीचा विषय निघालाय तर थोडं सविस्तर लिहितो.

मुलांना मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पखाल, माहीत नसणार. पण साधी यंत्रं एका जागी बघायची तर मोटेसारखी शाळा नाही. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, म्हणजे कप्पी. त्यावरून जाड दोर, तो नाडा. खाली आडवा गोल कणा, त्यावरून बारीक दोर, ती सोल. मोट चामड्याची, तिला खाली सोंड. दोन्ही दोर असे बेतलेले की मोट वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात (विहिरीच्या काठावरच्या कुंडात) सैल होते आणि पाणी पडतं. कुणाला हात लावायला नको. माझे आजोबा म्हणायचे, मोट बांधणाराला अक्षर येत नव्हतं पण दोराची लांबी चुकत नव्हती.

गंमत पुढे आहे. बैल चालतात ती वाट सपाट नसते. विहिरीपासून लांब जाताना तिला उतार असतो. तिला आमच्याकडे धाव म्हणतात. भरलेली मोट ओढताना बैल उतारावर चालतात. का? पोरांना विचारा.

हिशेब करू. मोटेत समजा दीडशे लिटर पाणी. वजन १५०० न्यूटन. कप्पी एकच आणि जागच्या जागी, म्हणजे ती फक्त बलाची दिशा बदलते, बल कमी करत नाही. बैलांना १५०० न्यूटनने ओढावंच लागणार. बैलजोडीचं वजन समजा ८०० किलो, आणि धावेचा उतार आठ फुटांना एक फूट. तर बैलांच्या स्वतःच्या वजनाचा उताराच्या दिशेतला भाग ८००० ÷ ८ = १००० न्यूटन. १५०० पैकी १००० न्यूटन बैल नुसते उतारावर आहेत म्हणून मिळाले!

“म्हणजे फुकट?” असं पोरं विचारतील. इथेच थांबायचं आणि त्यांना विचार करू द्यायचा. कारण मोट रिकामी झाल्यावर बैलांना धावेवरून परत वर यावं लागतं, मागे मागे, उलटं चालत. तेव्हा ते स्वतःचं वजन चढवत असतात. जे उतरताना वसूल केलं ते चढताना भरावं लागतं. पण चढताना मोट रिकामी, दोर ढिला. एकाच वेळी सगळा भार ओढण्याऐवजी थोडं जाताना, थोडं येताना. हप्त्यांनी फेड. यंत्र कर्ज माफ करत नाही, हप्ते पाडून देतं. माझ्या मते साध्या यंत्रांचा सगळा धडा एवढाच आहे.

विहीर दहा मीटर खोल असेल तर एका मोटेचं कार्य १५०० × १० = १५,००० ज्यूल. आज तिथे ५ अश्वशक्तीची मोटर आहे. ५ × ७४६ = ३७३० वॅट. कागदावर एक मोट चार सेकंदांत. पंपात नि पाइपात निम्मं जातं असं धरलं तरी आठ सेकंद. कार्य तेच, वेळ बदलला, म्हणजे शक्ती बदलली. ‘कार्य’ आणि ‘शक्ती’ यांतला फरक याहून सोपा कसा सांगायचा?

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, शाहू महाराजांच्या काळातली. सहल काढा. एकाच वेळी बारा मोटा चालायची सोय असलेलं ते बांधकाम मुलांनी वरून खाली वाकून बघावं. (वाकताना शिक्षकांनी कॉलर धरून ठेवावी.)

---

तरफदार

काय प्रतिसाद आहे! ‘हप्ते पाडून देतं’ हे मी चोरणार.

अवांतर: बैलगाडीचं पण सांगा ना. उलाळ.

---

काळ्या मातीतला

@तरफदार, हो, ते राहिलंच. गाडीचा आख हा टेकू. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की धुरजड, सगळं ओझं बैलांच्या मानेवर. उसाची गाडी भरणारा माणूस कांड्यांची मोळी पुढे-मागे सरकवून हे साधतो, जूच्या टोकाला हात लावून बघतो, थोडंसं वजन मानेवर राहील असं. पट्टी आणि नाणी हेच करतात. फक्त पट्टीला मान नसते.

---

उंबरठा

मी वास्तुविशारद आहे. बजेट शून्य म्हणालात म्हणून सांगते, तुमच्या शाळेत एक उतरण नक्की असेल: दिव्यांगांसाठीचा रॅम्प. व्हीलचेअरसाठी त्याचा उतार जास्तीत जास्त १:१२ असावा, म्हणजे १ मीटर चढायला किमान १२ मीटर लांबी. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटरचा हवा. मुलांच्या हातात टेप द्या आणि मोजायला लावा. बऱ्याच ठिकाणी काय सापडतं ते मी सांगत नाही, त्यांनाच सापडू दे.

---

आगगाडीवेडा

उतरण म्हटल्यावर मी गप्प कसा बसू! खंडाळ्याचा घाट. १८६३ साली रेल्वे घाट चढून वर आली. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. एका टनामागे उताराच्या दिशेने सुमारे २७० न्यूटन ओढ, सरळ उचलायला १०,००० लागले असते. तरी आजही गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं, कारण गाडी एक टनाची नसते. आणि सुरुवातीला तर वाटेत गाडीची दिशा उलटवायला रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये बंद झालं. वळणं, बोगदे, मागे-पुढे, हे सगळं कशासाठी? लांबी वाढवून चढ कमी करण्यासाठी. घाट म्हणजे डोंगराला गुंडाळलेली उतरण, आणि स्क्रू म्हणजे खिळ्याला गुंडाळलेला घाट. काटकोन त्रिकोणी कागद पेन्सिलीला गुंडाळून दाखवा.

---

पुस्तकी किडा

आगगाडीवेडा यांच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी: अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने, प्राचीन ग्रीक यंत्रज्ञाने, पाच यंत्रं मोजली होती: चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू. त्यात उतरण नव्हती. ती सहावी म्हणून फार उशिरा आली. आणि यंत्र नवं काही निर्माण करत नाही, जितकं बल वाचतं तितकं अंतर वाढतं, हे गॅलिलिओने १६०० च्या सुमारास स्पष्ट मांडलं. म्हणजे ‘यंत्रामुळे काम कमी होते’ ही चूक तुमच्या वर्गातल्या मुलांनी केली, तर ती जगाने बराच काळ केली होती. गुण कापताना हे ध्यानात ठेवा.

(आणि मीठभाकर, तुमचा मुद्दा मान्य. क्रम महत्त्वाचा.)

---

मीठभाकर

+१ आणि चहा माझ्याकडून.

---

चौथी घंटा

मंडळी, पहिला अहवाल.

ताणकाटा भंगारवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला. तो म्हणाला, “बाई, काटा मारून नाही दिला, बरोबर आहे तो.” किलोत आहे, दहाने गुणून न्यूटन केले.

वर्गातली फळी १२० सेंटिमीटरची. एक टोक विटांवर ३० सेंटिमीटर उंच ठेवलं. पहिल्यांदा चार चाकांची खेळण्यातली गाडी, तिच्यात दगड भरून वजन ८ न्यूटन. सरळ उचललं तर ८ × ०.३ = २.४ ज्यूल. उतरणीवरून हळूहळू ओढली तर काटा २.६ न्यूटनच्या आसपास. २.६ × १.२ = ३.१ ज्यूल. मुलं खूश. बल तिपटीने कमी, कार्य जवळजवळ तेवढंच, थोडं वाढलेलं. ते थोडं घर्षणाने खाल्लं. पुस्तकात असतं तसंच.

मग एका मुलीने विचारलं, “गाडीऐवजी वीटच ओढली तर?” मी म्हटलं, ओढ.

वीट अडीच किलोची, म्हणजे २५ न्यूटन. सरळ उचलायला २५ × ०.३ = ७.५ ज्यूल. फळीवरून ओढताना काटा दाखवतो १.८ किलो! १८ न्यूटन. १८ × १.२ = २१.६ ज्यूल.

वर्ग थंड. मग हमालाचा मुलगा म्हणाला, “बाई, यंत्राने तर काम वाढवलं.” तिप्पट!

खरं सांगते, हे मला आधी सुचलंच नव्हतं. घर्षण इतकं खाईल असं वाटलं नव्हतं. १९ वर्षं शिकवतेय. ‘यंत्रामुळे काम कमी होते’ हे वाक्य मुलांनी स्वतःच्या हाताने खोडलं, माझ्या लाल पेनाची गरजच पडली नाही. फळ्यावर लिहिलं: यंत्रामुळे बल कमी होऊ शकते. कार्य कधीच कमी होत नाही.

आणि मग त्याच मुलाने सांगितलं की यार्डात फळीवर पोती ओढत नाहीत. ट्रकला फळी लावतात, पण पोतं पाठीवर घेऊन फळीवरून *चालत* वर जातात. चालताना पाय घसरत नाहीत, म्हणून घर्षण नडत नाही, उलट लागतंच. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही, बघितलेलं आहे.

उंबरठाताई, आमचा रॅम्प: उंची ४५ सेंटिमीटर, लांबी २१० सेंटिमीटर. १:४.७. मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला घेतला आहे. मला थोडी भीती वाटतेय.

---

उंबरठा

अर्ज जाऊ द्या. मसुदा हवा असेल तर मला निरोप टाका.

---

जुना फिटर

वीटेचा प्रयोग वाचून आनंद झाला. पण घर्षणाला नुसता चोर ठरवून सोडू नका. मोटारीच्या स्क्रू जॅकचं बघा. टॉमी (जॅक फिरवायचा दांडा) ५० सेंटिमीटर लांब, एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे ३१४ सेंटिमीटर फिरतो, स्क्रू वर सरकतो समजा ५ मिलिमीटर. कागदावर फायदा ६०० पटींच्या वर. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त घर्षणात जातं. वाईट वाटलं? पण त्याच घर्षणामुळे टॉमी सोडली तरी गाडी खाली येत नाही. घर्षण नसतं तर जॅक लावून खाली झोपलेला मेकॅनिक उठलाच नसता. पाचर लाकडात अडकून राहते, स्क्रू भिंतीत टिकतो, हे सगळं चोराच्याच कृपेने.

अजून एक, कप्पीसाठी. दोन पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे. दोन दांडगी मुलं समोरासमोर एकेक पाइप आडवा धरून उभी. दोरीचं एक टोक एका पाइपला बांधायचं, मग दोरी दोन्ही पाइपांभोवती चार-पाच वेळा गुंडाळायची आणि मोकळं टोक वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलीच्या हातात. ती दोघांनाही खेचते. पण तिने दोरी मीटरभर ओढली तर पाइप जवळ येतात ते फार तर दहा-बारा सेंटिमीटर. दोरी किती गेली आणि पाइप किती सरकले, दोन्ही मोजून घ्या, नाहीतर ती नुसती जादू होते. लाकडी दांडे नकोत, दोरी घासते. बोटं पाइपच्या आत अडकणार नाहीत हे बघा.

---

दूरदेशी

वाचतेय. इथे मेलबर्नला रविवारच्या मराठी शाळेत आम्ही भाषा शिकवतो, विज्ञान नाही, पण ‘तरफ’, ‘टेकू’, ‘उतरण’ हे शब्द मुलांना देण्यासाठी हाच धागा वापरणार आहे. माझ्या मुलाला सायकलवरून एक प्रश्न पडला: सायकल यंत्र आहे, पण तिच्यात बल वाचत नाही, उलट जास्त लावावं लागतं. मग ती यंत्र कशी?

---

तरफदार

@दूरदेशी, मुलाला शाबासकी द्या. साधी एकाच गिअरची सायकल बल वाढवत नाही, अंतर आणि वेग वाढवते. पाय थोडा फिरतो, चाक खूप पुढे जातं. तिसऱ्या प्रकारच्या तरफेचंही तेच: चिमटा, बॅट, आपला स्वतःचा कोपरातून दुमडणारा हात. स्नायू कोपराजवळ जोडलेला, भार तळहातावर. बल फार लागतं, पण हात झपकन हलतो. यंत्र म्हणजे बल आणि अंतर यांची अदलाबदल. कुठल्या बाजूने अदलाबदल करायची ते गरजेवर.

बैलाचा व्यवहार उलट, सायकलवाल्याचा व्यवहार सुलट. :)

---

काळ्या मातीतला

बैलाला मध्ये घेतलंत ते बरं केलंत.

---

चौथी घंटा

दुसरा अहवाल, थोडक्यात, कारण उद्या परीक्षा आहे.

पाइप-दोरीचा प्रयोग झाला. दोन दांडगी मुलं तीन वेळा हरली आणि चौथ्यांदा म्हणाली, दोरीत काहीतरी आहे. मोजमापं घेतली तेव्हा गप्प बसली. दोरी ९६ सेंटिमीटर गेली, पाइप १२ सेंटिमीटर जवळ आले. भागाकार करून आठ आलं. मग एकीने पाइपांमधले दोरीचे पदर मोजले. आठच होते. तेव्हा जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांना ऐकू गेला.

३६ किलोकॅलरीही झाली. त्या मुलाने ती वहीत लिहून घरी नेली. वडिलांनी वाचली म्हणे, आणि विचारून पाठवलं आहे: “पोतं खांद्यावरून *खाली* उतरवताना पण जोर लागतो, एकदम टाकलं तर फुटतं. त्याचं कार्य कुठे धरलं बाईंनी?”

मी कुठेच धरलं नव्हतं. जुना फिटर काका?

---

जुना फिटर

तिथे बल वर, विस्थापन खाली. कार्य वजा.

त्यांना सांगा, प्रश्न आठवीच्या पुढचा आहे. मी रविवारी मोकळा आहे, फोनवर बोलायला आवडेल.